उंडी आणि एड्स : आधी चाचणी, मग शिफारस

पोशीरहून खाली किनाऱ्याकडे गेलात की उंडीची झाडे दिसतात. तिच्या बियांचे कडू तेल पूर्वी दिव्यात जाळीत. याच झाडात एचआयव्हीला रोखणारी द्रव्ये असल्याचे १९९३ साली प्रयोगशाळेत दिसले. मलेशियातल्या सारवाकच्या रानात उंडीचा भाऊबंद आहे. त्यातले कॅलॅनोलाइड काचनळीत क्षयाच्या जंतूंवरही चालले. एचआयव्हीच्या रोग्याला क्षयच जास्त गाठतो, म्हणून हा शोध मोलाचा.

पण काचनळी म्हणजे माणूस नव्हे. यातले औषध अजून दवाखान्यात आलेले नाही. नवे बेणेसुद्धा आम्ही चाचणीच्या प्लॉटात पाहिल्याशिवाय लावा म्हणत नाही. तेव्हा सभासद असो वा तोडणी मजूर, काढ्यातेलाच्या नादाने कोणी गोळ्या सोडू नयेत. सरकारी केंद्रांतून त्या २००४ पासून मोफत मिळतात.