टीव्हीसमोरचं तळं

शूऽऽ!

नाही नाही, गप्प बस म्हणत नाहीये मी. आजचा आपला विषयच तो आहे! हसू आलं? येऊ दे.

समज, तुझ्याकडे मोती नावाचा कुत्रा आहे. चांगला सहा-सात वर्षांचा, शहाणा. शू लागली की दाराशी जाऊन उभा राहतो. पट्टा तोंडात धरून आणतो. खाली गेलं की ठरलेल्या गुलमोहोरापाशीच पाय वर करतो. आणि घरात? छे! शक्यच नाही.

मग एक दिवस तू शाळेतून येतेस, येतोस, आणि बघतेस, बघतोस तर काय! टीव्हीसमोर भलंमोठं तळं!

"मुद्दाम केलंय यानं," आई म्हणते. "काल फिरायला नेलं नाही ना, त्याचा सूड!" आणि मोतीकडे बघ. कान पडलेले. शेपूट दोन पायांत. नजर भलतीकडेच. 'चुकलो' असं अगदी तोंडावर लिहिलंय!

खरंच लिहिलंय का पण?

न्यूयॉर्कच्या बार्नर्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांना हाच प्रश्न पडला. २००९ मध्ये त्यांनी एक मजेदार प्रयोग छापला. मालकानं कुत्र्यासमोर खाऊ ठेवायचा, "तोंड लावायचं नाही हं!" असं बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. कधी कुत्रा खाऊ खायचा, कधी नाही खायचा. पण परत आलेल्या मालकाला खरं काय ते कळायचं नाही! त्याला कधी सांगायचे, "खाल्ला यानं." कधी सांगायचे, "शहाण्यासारखा बसला होता." मग मालक रागवायचा, नाहीतर लाड करायचा.

आता ओळख, 'चुकलो'वाला चेहरा कोणी केला?

ज्याला ओरडा बसला त्यानं! खाऊ खाल्लेला असो की नसो. आणि ज्यांनी खाऊला तोंडसुद्धा लावलं नव्हतं, अशा बिचाऱ्या कुत्र्यांचा चेहरा ओरडा बसल्यावर सगळ्यात जास्त पडला!

म्हणजे तो चेहरा चूक कबूल करण्याचा नाहीच. 'बाप रे, आवाज चढलाय, आता काही खरं नाही' असा आहे तो. मोतीला टीव्हीसमोरचं तळं आणि आईचा राग यांची जोडी लावताच येत नसेल. तळं होऊन दोन तास झालेत ना!

मग सूड नाही, खोडी नाही, तर झालं काय?

त्यासाठी आधी हे बघू, की कुत्रा घरात शू न करायला शिकतो तरी कसा.

तुला माहीत आहे का, अगदी तान्ह्या पिल्लाला स्वतःहून शू करताच येत नाही! पहिले साधारण तीन आठवडे त्याची आई त्याचं पोट आणि ढुंगण चाटते, तेव्हा कुठे त्याला शू होते. आणि ती शू आई चाटून टाकते. ईऽऽ म्हणू नकोस! त्यामुळेच तर सगळ्यांची झोपायची जागा कोरडी राहते. थोडं चालता यायला लागलं, की पिल्लं आपणहून अंथरुणापासून लांब जातात आणि मगच शू करतात. कोणी शिकवत नाही हं त्यांना.

आपण माणसं फक्त एकच गोष्ट वाढवून सांगतो. अरे मोत्या, तुझं ते फाटकं पोतं एवढंच तुझं अंथरूण नाही. अख्खं घर तुझं अंथरूण! हे एकदा पटलं की झालं.

आता पोटात डोकावू. मूत्रपिंडं, म्हणजे किडन्या, दिवसभर रक्त गाळत असतात. नको असलेलं पाणी थेंबाथेंबानं एका पिशवीत साठतं. हे मूत्राशय. पिशवीच्या तोंडाशी गोल स्नायू असतो, तो तोंड आवळून धरतो. पिशवी भरली की मेंदूला निरोप जातो. मेंदू म्हणतो, "थांब, गुलमोहोर येऊ दे!" गुलमोहोर आला की स्नायू सैल, आणि सुरू!

किती वेळ चालतं हे? अमेरिकेत जॉर्जिया टेक नावाची संस्था आहे. तिथल्या पॅट्रिशिया यांग, डेव्हिड हू आणि त्यांच्या सोबत्यांनी काय मोजलं असेल, सांग बघू! वेगवेगळ्या प्राण्यांना शू करायला किती सेकंद लागतात ते! प्राणिसंग्रहालयात जाऊन, व्हिडिओ बघून, घड्याळ लावून! उत्तर आलं, तीन किलोंहून जड असलेल्या सस्तन प्राण्यांना सरासरी २१ सेकंद. कुत्र्याला तेवढेच आणि हत्तीलाही जवळपास तेवढेच!

हत्तीच्या मूत्राशयात १८ लिटर मावतात बरं का. ऑफिसात पाण्याचा मोठा जार उलटा ठेवलेला असतो ना, जवळजवळ तेवढं! मग एवढं सगळं इतक्या झटपट कसं रिकामं होतं? हत्तीची नळी रुंद असते आणि लांबही, साधारण मीटरभर. गच्चीवरच्या टाकीचं पाणी वरच्या मजल्यावर बारीक येतं आणि तळमजल्यावर धो धो येतं, तसंच. जितकी उंची जास्त, तितका जोर जास्त! या संशोधनाला २०१५ मध्ये 'इग नोबेल' मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या शोधांना देतात ते बक्षीस. अगदी योग्य माणसांना मिळालं, असं माझं ठाम मत आहे.

हे सगळं नीट चालू असताना एखादी गोष्ट बिघडते, आणि तळं होतं. तेव्हा गुप्तहेरानं पहिला प्रश्न विचारायचा: तळं केवढं?

छोटंसं, चार थेंबांचं? सारखं सारखं? मोती पाय वर करून उभाच राहतोय आणि येत काहीच नाही? मग मूत्राशयात जंतू शिरले असतील. पिशवी रिकामी असली तरी आतून चुरचुरतं आणि भरल्यासारखी वाटते. दाराशी जाईपर्यंत धीरच धरवत नाही. कुत्र्यांच्या माद्यांना हा त्रास जास्त होतो, कारण त्यांची नळी आखूड असते आणि जंतूंना आत यायला वाट छोटी पडते. डॉक्टरांच्या औषधानं बरं होतं हे. पण जोर लावूनही थेंबभरसुद्धा येत नसेल, तर उद्यावर ढकलायचं नाही. त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टर!

आणि तळं मोठं असेल तर?

मग चल माझ्याबरोबर १८८९ सालात! गाव स्ट्रासबुर्ग. आज ते फ्रान्समध्ये आहे, तेव्हा जर्मनीत होतं. तिथे ऑस्कर मिंकोव्स्की आणि योसेफ फॉन मेरिंग असे दोन डॉक्टर होते. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा एक लांबट अवयव असतो. तो नक्की काय काय करतो, हे तेव्हा कोणालाच धड माहीत नव्हतं. म्हणून त्यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं. मला त्या कुत्र्याचं वाईट वाटतं, आणि तुलाही वाटलं तर ते बरोबरच आहे.

कुत्रा ऑपरेशनमधून वाचला. पण तो जमिनीवर शू करायला लागला! चांगला शिकवलेला कुत्रा बरं का. मिंकोव्स्की प्रयोगशाळेतल्या मदतनिसावर चिडले. त्याला वेळेवर बाहेर नेत नाहीस का? मदतनीस म्हणाला, नेतो की! पण परत आला की लगेच पुन्हा करतो!

दुसरा एखादा म्हणाला असता, "पुसून टाक." मिंकोव्स्कींनी ती जमिनीवरची शू नळीनं उचलली आणि तपासली. तिच्यात काय होतं, माहीत आहे?

साखर! थोडीथोडकी नाही, सुमारे १२ टक्के! छोट्या कपभर चहात अडीच-तीन चमचे साखर घातली तर तो जेवढा गोड होईल, तेवढी!

साखर आली कुठून? आपलं खाणं पचलं की त्यातली साखर रक्तात येते. ती शरीराच्या कानाकोपऱ्यात पोहोचली की ताकद मिळते. तिला आत घ्यायला इन्सुलिन लागतं, आणि ते बनतं स्वादुपिंडात. स्वादुपिंडच नाही, तर इन्सुलिन नाही. मग साखर रक्तात साचते आणि शेवटी शूमधून बाहेर सांडते. हाच तो मधुमेह, तुझ्या आजी-आजोबांच्या बोलण्यात 'शुगर' म्हणून येतो तो! आपल्या जुन्या वैद्यांनीही हे पाहिलं होतं. अशा रोग्याच्या लघवीकडे मुंग्या धावतात, असं चरकसंहितेत सांगितलंय.

पण साखरेमुळे तळं मोठं का होतं? घरी करून बघ. चिरलेल्या स्ट्रॉबेरीवर साखर भुरभुरव आणि जरा वेळ ठेव. वाटीत पाणी सुटतं! साखर पाणी ओढते ना. किडनीतही ती पाणी ओढून बरोबर नेते. शू वाढते, अंगातलं पाणी कमी होतं, तहान लागते, कुत्रा घटाघट पाणी पितो, आणि पुन्हा शू! त्यात मोतीचा काय दोष, सांग?

जमिनीवरच्या त्या शूमुळे डॉक्टरांना शोधायची जागा सापडली. १९२१ मध्ये कॅनडातल्या टोरोंटोत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी स्वादुपिंडातून इन्सुलिन वेगळं काढलं. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला त्याचं इंजेक्शन मिळालं. त्याआधी मधुमेह झालेली मुलं फार दिवस जगत नसत. लेनर्ड सावरला! आणि गंमत म्हणजे आज मधुमेह झालेल्या कुत्र्यांनाही इन्सुलिनच देतात, बहुतेकांना दिवसातून दोनदा.

मोठ्या तळ्यामागे प्रत्येक वेळी मधुमेहच असतो असं नाही हं. किडन्या थकल्या तरी पाणी धरून ठेवता येत नाही.

काही तळी तर पोटातल्या बिघाडाची नसतातच! दिवाळीत बघ. आपल्याला सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून वरचा. फटाक्यांच्या धडामधुडुममध्ये तो बाहेर पाऊलच टाकत नाही. मग करणार कुठे? धो धो पावसात नाक मुरडून जिन्यातूनच परत फिरणारे कुत्रेही असतात. घरात नवं बाळ आलं, नवा सोफा आला, की काही कुत्रे सोफ्याच्या पायावर चार थेंब टाकून 'इथे मी राहतो' अशी पाटी लावतात. म्हाताऱ्या कुत्र्याचे गुडघे दुखतात, तीन जिने उतरणं नको होतं. काही म्हातारे तर दार कसं उघडतं तेच विसरतात! बिजागरीच्या बाजूला जाऊन उभे राहतात आणि वाट बघत बसतात.

आता ते तळं पुसायचं. आपण फिनाइल ओततो, घमघमाट सुटतो, आणि वाटतं, गेला वास! आपला गेला. मोतीचा नाही! वास ओळखणाऱ्या आपल्या पेशी पन्नास-साठ लाख, त्याच्या वीस-तीस कोटी. आपल्याला मिसळीचा वास येतो. त्याला मटकीचा वेगळा, फरसाणाचा वेगळा, कांद्याचा वेगळा, लिंबाचा वेगळा! तसंच फिनाइलखालची शू त्याला लख्ख कळते. 'अच्छा, इथे करायची असते होय!' आणि अमोनिया असलेलं काही वापरलं तर बघायलाच नको, शूलाही तसाच वास असतो. दुकानात एन्झाइमवाले क्लीनर मिळतात, ते वास झाकत नाहीत, वासाचं मूळच मोडतात.

मग तुझं काम काय? मोतीचं पाणी मोज! सकाळी मापाच्या भांड्यानं वाडग्यात पाणी घाल, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोज. दहा किलोंचा कुत्रा दिवसाला एक लिटरच्या वर पाणी पिऊ लागला, तर तो आकडा वहीत लिहून डॉक्टरांना दाखव. खूश होतील!

आणि डॉक्टर म्हणतील, "सकाळची पहिली शू घेऊन या." आता खरी मज्जा! बाबा धुतलेला पसरट वाडगा पाठीमागे लपवून मोतीच्या मागे मागे. मोती गुलमोहोरापाशी. पाय वर. बाबा लगेच वाकले तर फसले! मोती दचकतो, पाय खाली घेतो आणि वाडग्यालाच नाक लावतो. म्हणून आधी धार सुरू होऊ द्यायची, मनात एक-दोन-तीन म्हणायचं आणि मग बाजूनं अलगद वाडगा सरकवायचा. काही लोक लांब दांड्याची पळी वापरतात, कमी वाकावं लागतं.

ती पळी आमटीच्या पातेल्यात परत गेली, तर मात्र मला सांगू नकोस. आईला सांग!