तुळईच्या पोटातील तंतू

माजलगावी सिंदफणेला अडवणारे, जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातील धरण मुख्यत्वे मातीचे आहे. आणि पैठणचा उजवा कालवा ज्याच्यात आपले पाणी आणून सोडतो त्या विस्तीर्ण जलाशयाचा रेटा ती माती सळईच्या साहाय्यावाचून, निव्वळ आपल्या वजनाने नि रुंदीने थोपवते, हे पाहून एखाद्या विचारी गृहस्थाच्या मनात यावे, की मग आपल्या घरावरील वीतभर रुंदीच्या तुळईलाच एवढे लोखंड का लागते?

कारण असे, की धरणाची माती मुख्यत्वे दाबली जाते. तुळई मात्र वाकते. वाकताना तिचे वरचे अंग दाबले जाते, खालचे ताणले जाते. आणि दाब सोसण्यात समर्थ असलेल्या काँक्रीटची ताण सोसण्याची शक्ती दाब सोसण्याच्या शक्तीच्या जेमतेम एक दशांश असते. १८६७ साली मोनिए नावाच्या फ्रेंच माळ्याने कुंड्यांसाठी लोखंडी जाळी घातलेल्या सिमेंटचे पेटंट घेतले, तेव्हापासून या दुबळेपणावरचा उपाय जगाला ठाऊक आहे. परंतु सळई जेथे बसवावी तेथेच राखण करते. दोन सळयांमधल्या आणि त्यांच्या बाहेरच्या काँक्रीटला, म्हणजे चीर प्रथम जेथे जन्मते त्या मुलखाला, कोणी वाली नसतो. ही उणीव भरून काढण्याकरिता काँक्रीट कालवतानाच त्यात बारीक तंतू सर्वत्र विखरून द्यावेत, अशी ही युक्ती आहे.

कल्पना नवी नव्हे. मराठवाड्यात धाब्याच्या घरांच्या भिंती लिंपताना मातीत भूस घालून, ती कुजवून, पायांनी तुडवण्याचा प्रघात होता. चुन्याच्या गिलाव्यात ताग पडे. विज्ञानाच्या भाषेत तिची मांडणी मात्र १९६३ साली झाली, जेव्हा रोमुआल्डी आणि बॅटसन या दोघा अमेरिकी संशोधकांनी जवळजवळ ठेवलेल्या पोलादी तारा चिरेचे पसरणे रोखतात, असे दाखवून दिले.

आजचे पोलादी तंतू साधारणतः ३० ते ६० मिलिमीटर लांब, मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी जाड आणि बहुधा दोन्ही टोकांशी मुडपलेले असतात. त्या मुडपण्यातच सारे मर्म आहे. चीर रुंदावू लागली, की तिच्या दोन्ही काठांत रुतलेला तंतू तटकन तुटत नाही. तो मुडपलेले टोक सरळ करीत, काँक्रीटला घासत, हळूहळू उपटला जातो, आणि तुळईला मोडू पाहणारी बरीचशी ऊर्जा या ओढाताणीत खर्ची पडते. म्हणून बेताच्या मात्रेत घातलेल्या तंतूंनी पहिली चीर फारशी लांबणीवर पडत नाही; पडल्यावर तुळई एकाएकी दगा देत नाही, एवढेच. हे 'एवढेच' क्षुल्लक मानू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात किल्लारीच्या परिसरात दगडमातीच्या जाड भिंतींनी आतील माणसांना बाहेर पडण्याइतकीही मुदत दिली नाही, हे ज्याच्या स्मरणात आहे, त्याला इशारा देऊन मोडणे आणि न देता मोडणे यांतील अंतर निराळे सांगावे लागत नाही.

कृत्रिम तंतूंचे काम वेगळे. पॉलिप्रॉपिलीनचे केसासारखे तंतू घनमीटरला सुमारे ९०० ग्रॅम घालतात, ते ओल्या काँक्रीटसाठी. वैशाखात कोरडा वारा सुटला, की पृष्ठभागावरील पाणी खालून वर येणाऱ्या पाण्याच्या आधीच उडून जाते आणि काही तासांतच स्लॅबवर चिरांचे जाळे उमटते. त्याला हे तंतू आवर घालतात. आगीत ते वितळून वाफेला वाट देतात, हा आणखी एक लाभ. तुळईचे वजन पेलण्याचा दावा मात्र त्यांनी करू नये. जाड कृत्रिम तंतू चीर पडल्यावरही काही ताण घेतात आणि गंजत नाहीत. पण त्यांचा ताठपणा पोलादाच्या पासंगालाही पुरत नाही.

पोलादी तंतूंचा खरा पराक्रम तुळईच्या टेकूंजवळच्या तिरप्या चिरांत दिसतो, जेथे एरवी सळयांना वेढणाऱ्या रिंगांचीच भिस्त असते. २००८ च्या अमेरिकी काँक्रीट-संहितेने काही तुळयांत किमान रिंगांऐवजी हे तंतू चालतील असे कबूल केले, पण घनमीटरला सुमारे ६० किलोंपेक्षा कमी नकोत, तुळईची उंचीही सुमारे ६०० मिलिमीटरच्या आतच हवी, अशा अटी घालून. एवढे तंतू मिक्सरमध्ये एकदम ओतले तर त्यांचे गोळे होतात, माल घट्ट होतो, आणि गवंडी स्वाभाविकपणेच पाण्याची बादली उचलतो. त्या एका बादलीने तंतूंवरचा सारा खर्च मातीमोल होतो. तेथे माल सैल करणारे रसायन, म्हणजे प्लॅस्टिसायझर, वापरावे, पाणी वाढवू नये.

आपल्याकडे तंतूंची शिफारस तूर्त विशेष कामांपुरती आहे. तेव्हा घर बांधताना कोणी ठेकेदार तंतूंची पिशवी दाखवून तुळईतील सळया किंवा रिंगा कमी करू लागला, तर वाचकांनी त्याच्याकडून अभियंत्याच्या सहीचा तपशीलवार नकाशा मागावा, आणि तो मिळेतो काम थांबवावे.