खिशातला कांदा आणि कोरडा सदरा

मे महिन्यात ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मूल उंबऱ्याबाहेर पडलं, की आजी त्याच्या खिशात कांदा कोंबतेच. कांदा जवळ असला की लू लागत नाही, हा इथला पिढ्यानपिढ्यांचा समज. आजीची माया खरी, पण खिशातला कांदा अंगातली उष्णता उतरवत नाही. शरीर निवतं ते घाम वाळताना. कांदा कोशिंबिरीत घाला आणि मुलाला पाणी द्या.

‘घाम तर आलेला नाही याला, पाणी कशाला?’ हा समज मला कांद्याहून जास्त धोक्याचा वाटतो. मुंबईच्या दमट हवेत घाम अंगावरून निथळतो. इथल्या कोरड्या लूमध्ये तो फुटताक्षणी उडून जातो. मूल खेळून येतं, सदरा कोरडा, मानेवर मिठाची पांढरी पुटं, आणि आपण निश्चिंत! म्हणून घाम बघू नका, लघवीचा रंग बघा. ती गडद पिवळी असेल किंवा मूल बराच वेळ लघवीलाच गेलं नसेल, तर अंगात पाणी कमी पडतंय. तहानेची वाट न बघता खेळताना पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट पाजा. कैरीचं पन्हंही द्या. त्यातलं पाणी, मीठ आणि साखर अंगी लागते.

‘सुट्टीच आहे, जागू दे रात्री, सकाळी झोपेल’ हेही घरोघरी ऐकू येतं. इथे पारा 45 अंशांपलीकडे जातो, खेळण्याजोगी हवा असते ती पहाटेच. नऊला उठलेल्या मुलाच्या हातून तीच निसटते. मग दिवसभर खोली, मोबाइल; अंग दमत नाही, आणि रात्री पुन्हा झोप येत नाही. 6 ते 12 वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी 9 ते 12 तास झोप हवी. साडेआठ-नऊला अंथरूण, साडेपाचला उठणं आणि दुपारी एक डुलकी, एवढ्यात ती बसते. शाळेच्या वयात रोज तासभर अंगमेहनतीचा खेळ हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो सकाळी फूलबागेत होऊ दे, नाहीतर ऊन उतरल्यावर गच्चीवर. दिवसाचा उजेड डोळ्यांनाही हवा. मोकळ्यावर खेळणाऱ्या मुलांना लांबचं अंधुक दिसण्याचा धोका कमी असतो.

दारं-खिडक्या गच्च लावून कूलर चालवू नका. दमट हवा बाहेर जायला वाट नसेल, तर खोली कोंदट होते. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

एवढं करूनही मूल तापून फणफणलं, बरळायला लागलं किंवा गुंगीत गेलं, तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि 108 ला फोन करा. शुद्ध नसेल, तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका.