सहानुभूती : शब्दाचा अर्थ आणि मतभेदाची रीत

शासकीय कार्यालयांत ‘अनुकंपा’ हा नित्य वापरातील शब्द आहे. सेवेत असताना दिवंगत झालेल्या कर्मचाऱ्याच्या वारसास अनुकंपा तत्त्वावर नियुक्ती देण्यात येते. दुसऱ्याच्या दुःखाने आपणही कंपित होणे, हा त्या शब्दाचा मूळ भाव. नस्तीवर सही करताना तो क्वचितच कोणाच्या ध्यानी येत असेल. ‘सहानुभूती’चेही तसेच झाले. दुसऱ्याबरोबर अनुभवणे असा तिचा व्युत्पत्त्यर्थ असला, तरी व्यवहारात ती दयेच्या शेजारी जाऊन बसली आणि मूळ अर्थासाठी ‘समानुभूती’ हा नवा शब्द योजावा लागला. इंग्रजीतील ‘एम्पथी’ हा शब्दही फार जुना नव्हे. टिचनर या मानसशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये एका जर्मन शब्दासाठी तो घडविला.

अर्थ असा हलता असल्याने त्यावर वाद होणे स्वाभाविकच आहे. दुसऱ्याचे दुःख स्वतःस जाणवल्यावाचून खरे साहाय्य करता येत नाही, असे अनेकांचे मत आहे. पॉल ब्लूम यांनी २०१६ मधील आपल्या ग्रंथात याच्या उलट मांडणी केली. ही भावना डोळ्यांसमोरच्या एकाकडे ओढली जाते व दृष्टीआडचे अनेक विसरले जातात. त्यापेक्षा विवेकयुक्त करुणा बरी, असे त्यांचे म्हणणे. मात्र या शब्दावरील वादात एक विशेष धोका असतो. ज्याचे मत पटत नाही त्यास हृदयच नाही, असा निष्कर्ष चटकन काढला जातो. ताडोबालगतच्या गावांत वाघाच्या हल्ल्याची घटना घडली की, कळवळा वाघाचा करावा की मोहफुले वेचण्यास गेलेल्या बाईचा, असा प्रश्न निघतो. आणि थोड्याच वेळात मूळ प्रश्न बाजूस राहून बोलणाऱ्याच्या माणुसकीचीच चौकशी सुरू होते.

पुष्कळदा वाद घालणाऱ्यांच्या मनातील उदाहरणेच भिन्न असतात. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्यास बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली. कुष्ठरुग्णांस भीक नको, काम हवे, हा तेथील विचार. शेती व हस्तव्यवसाय त्यांनी स्वतः उभे केले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. दवाखाना कसा असावा, हे तेथे आदिवासींनाच विचारण्यात आले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे झोपड्यांच्या वस्तीसारखा दवाखाना उभा राहिला आणि त्यास दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. एके ठिकाणी सहानुभूती म्हणजे समोरच्याच्या कर्तृत्वावर विश्वास, तर दुसऱ्या ठिकाणी कल्पनेने ठरविण्याऐवजी त्यालाच विचारणे. अशी उदाहरणे आधी समोर मांडली, तर निम्मा वाद शब्दाचा होता हे कळून येते.

उरलेल्या निम्म्यासाठी धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाची रीत पाहण्याजोगी आहे. येथे ‘अभ्यासगट’ व ग्रामसभा या दोन वेगळ्या बैठका आहेत. अभ्यासगटात विषयाचा केवळ अभ्यास होतो, बाहेरचे जाणकारही बसतात. निर्णय मात्र घेतला जात नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असल्यास विषय पुढे ढकलला जातो. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून ही पद्धत रुजली. अभ्यासगटात कोणी हरत वा जिंकत नसल्याने मत बदलण्यात कमीपणा वाटत नाही, हे या व्यवस्थेचे मर्म म्हणावे लागेल. मतदान जवळ आले की माणूस आपल्या शब्दाला चिकटून बसतो. शाळेतील शिक्षकसभा किंवा पंचायतीची मासिक सभा यांनाही असा एक निर्णयरहित दिवस राखून ठेवता येईल.

ही रीत वेळखाऊ आहे, हे खरेच. तिच्यात आणखीही एक दोष शिरू शकतो : गप्प बसणाऱ्यास सहमत समजले जाते. म्हणूनच मेंढ्याच्या ग्रामसभेत प्रत्येक घरातील स्त्री व पुरुष या दोघांचा सहभाग अपेक्षित धरला जातो. याच ग्रामसभेला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क प्राप्त झाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक तिच्या हाती आले.