बत्तीस ठोके

घाटंजीच्या बाजारात एक ऑटो जवळून गेला. आत बंजारा लेंगी वाजत होती, तिच्या खाली हलगी, मग एक तेलुगू ओळ, आणि ती संपते न संपते तोच भीमगीताचं धृपद. इतकी गाणी एकामागून एक आली, पण सांधा कुठेच जाणवला नाही. मला त्या सांध्याचं कुतूहल वाटलं. असे पेनड्राइव्ह भरून देणाऱ्याचं दुकान विचारत विचारत गेलो.

दुकान ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं. एका टेबलावर उघडे बोर्ड, दुसऱ्यावर लॅपटॉप, आणि सोल्डरिंगच्या राळेचा वास भिंतींत मुरलेला. एप्रिल सुरू झालेला, १४ तारखेच्या आंबेडकर जयंतीची कामं डोक्यावर, शिवाय लग्नसराई. मुलगा विशीतला. गाणी जोडायची वेळ आली की तो उठतो आणि कूलर बंद करतो. यवतमाळ जिल्ह्यात एप्रिलच्या दुपारी कूलर बंद करणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. "त्याच्या घरघरीत जोड आयकू येत नाई भाऊ," तो म्हणाला.

हेडफोन लावून, डोळे मिटून तो बोटांनी टेबलावर मोजत राहतो. चाराचे आठ गट. "बत्तीस. बत्तीस ठोके झाले का पब्लिकले नवीन पायजे. नाई त मानूस बाजूले होऊन मोबाइल काढते."

हा आकडा त्याने कुठल्या पुस्तकातून घेतलेला नाही. मिरवणुकीत गाडीवर उभं राहून पाय बघत तो शिकला. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड लावणारा कूल हर्कही नाचणाऱ्यांचे पायच बघत असे. गाणं थांबून नुसता ताल उरतो त्या तुकड्याची लोक वाट पाहतात, हे त्याने हेरलं आणि एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती आलटून पालटून लावून तो तुकडा लांबवला. विदर्भात ही नजर संदल आणि धुमाल पार्ट्यांकडे आहेच. गाडीवर कीबोर्ड आणि पॅड ठेवून, समोरची गर्दी बघत ते एका गाण्यातून दुसऱ्यात शिरतात. इथे तेच काम एकटा मुलगा बंद दुकानात, डोळ्यांपुढे गर्दी आणून करतो.

त्याच्या फोल्डरमध्ये तालुका सापडतो. तांड्यांवरून येणाऱ्या लेंगी, १५ फेब्रुवारीच्या सेवालाल जयंतीची गाणी, गोंडी गाणी, कोलामांच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, ढोलाच्या साथीने फोनवर रेकॉर्ड केलेले तुकडे, आदिलाबादकडून आलेली तेलुगू लोकगीतं, मराठी वरातीची गाणी. तांड्यावरचं गिऱ्हाईक स्वतःच तेलुगू गाणं मागतं, असं तो सांगतो.

त्या दुपारी एक लेंगी होती. कोणीतरी होळीला फोनवर टिपलेली, म्हणून चढत जाणारी: शेवटाला गाणारे इतके रंगात येतात की सुरुवातीची लय मागेच राहते. मशीनचा ठोका मात्र जिथल्या तिथे. त्याला प्रत्येक ठोका हाताने ओढून बसवावा लागला. मग पट्टी. हलगीला सुराची अडचण नाही, पण पुढच्या गाण्यात हार्मोनियम होता. लेंगी त्याच्या पट्टीत नेताना जरा जास्त वर चढवली की बाईचा आवाज पोरीचा होतो. त्याने चढवली, ऐकली, उतरवली, पुन्हा ऐकली. मग एका गाण्याचा बेस काढून टाकला. दोन्ही गाण्यांचे बेस एकत्र राहिले तर बॉक्स फाटतात, असं त्याचं म्हणणं. घाम हनुवटीवरून कीबोर्डवर पडत होता. अखेर लेंगीतला श्वास आणि हार्मोनियमचा पहिला सूर एकाच जागी आले, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. याला मी कारागिरी म्हणतो.

रस्त्यावर ती कोणाला ऐकू येणार? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. दोन्ही बाजूंना बेसच्या भिंती लावलेली गाडी ही मर्यादा पहिल्याच ठोक्याला ओलांडते. आजारी माणसांचे, तान्ह्या बाळांचे हाल होतात, तो राग रास्तच आहे. पण कूलर बंद करून घडवलेला सांधाही तिथेच मरतो, याचं मला जास्त वाईट वाटतं.

दुसरं दुःख नावांचं. गाण्यांच्या मध्ये दर थोड्या वेळाने त्याच्या दुकानाचं नाव पुकारणारा आवाज येतो, गाणाऱ्यांचं नाव मात्र कुठेच येत नाही. २००४ मध्ये डेंजर माउसने जे-झीचा रॅप आणि बीटल्सचं संगीत एकत्र करून ‘द ग्रे अल्बम’ केला, तेव्हा ईएमआय कंपनीने त्याचं वाटप थांबवायला सांगितलं. तिथे निदान हक्क सांगणारं कोणी होतं. होळीतल्या त्या बाईच्या वतीने नोटीस कोण पाठवणार? वामनदादा कर्डकांच्या भीमगीतांत तर शेवटच्या अंतऱ्यात ‘वामन’ अशी नाममुद्रा येते. बत्तीस ठोक्यांत शेवटचा अंतरा येतच नाही. कवी त्याच्या स्वतःच्या गाण्यातून बाहेर पडतो आणि तिथे दुकानाचं नाव वाजतं.

हे मी त्याला बोलून दाखवलं. तो चिडला नाही. आजोबांना ती गाणी अख्खी पाठ होती, म्हणाला. मग अंतरा लावून बघितला, मोजला. "चौसष्टच्या वर जाते भाऊ. रोडवर नाई चालत." हा निकाल मला पटला नाही आणि खोडूनही काढता आला नाही.

थोड्या वेळाने त्याने दुसरी फाइल उघडली. मिरवणूक निघायच्या आधी चौकात माणसं जमत असतात, बाया लेकरांना घेऊन येतात, गाडीचा जनरेटर सुरू व्हायचा असतो. त्या वेळेसाठी मंडळाचे म्हातारे लोक त्याच्याकडून वेगळी यादी करून घेतात. तिच्यात गाणी पूर्ण आहेत, आवाज कमी आहे, आणि दुकानाचं नाव फक्त सुरुवातीला एकदा. या यादीचे पैसे तो वेगळे घेत नाही.