मानेतली गाठ : बपेऱ्याहून नागपूरपर्यंत

मध्य प्रदेशच्या सीमेला लागून असलेल्या बपेऱ्यात मानेतल्या थायरॉइड ग्रंथीला गाठ दिसली, की तपासणीची वाट तुमसर, भंडारा आणि गरज पडल्यास नागपूर अशी जाते. वाटेत घाबरवणारे सल्लागार पुष्कळ भेटतात. प्रत्यक्षात थायरॉइडच्या दर १०० गाठींपैकी ९० हून अधिक कर्करोगाच्या नसतात.

सुरुवात रक्तातल्या टीएसएच चाचणीने होते. ती नॉर्मल आली म्हणजे गाठ नाही किंवा ती निर्धोक आहे, असे मात्र नव्हे. ग्रंथीचे काम नीट चालू असतानाही गाठ असू शकते. खरी माहिती सोनोग्राफी देते. टीएसएच कमी आले, तर बहुधा थायरॉइड स्कॅन करतात.

प्रत्येक गाठीला सुई लागत नाही. सोनोग्राफीत फार संशयास्पद दिसणारी गाठ साधारण १ सेंटीमीटरची झाली की सुईने पेशी घेतात. सौम्य दिसणारी २.५ सेंटीमीटरपर्यंत नुसती पाहत राहता येते. 'एफएनएसी' नावाच्या या तपासणीची सुई बारीक असते, काम काही मिनिटांचे. अहवाल 'बेथेस्डा' पद्धतीच्या सहा गटांत येतो : दुसरा गट सौम्य, सहावा कर्करोगाचा. पहिला गट म्हणजे नमुना अपुरा. तिथे सुई बहुधा पुन्हा लागते.

आयोडीनयुक्त मीठ गलगंड टाळायला मदत करते, झालेली गाठ विरघळवत नाही.

गाठ झपाट्याने वाढली, आवाज बसून राहिला, गिळताना वा श्वास घेताना अडथळा आला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे. जुने सोनोग्राफी अहवाल सोबत न्यावेत.