मॅट मेलामाइन फळीच्या कडपट्टीची छाटणी व सफाई : एक विवेचन

प्रस्तावना :

ग्रंथालये, प्रयोगशाळा व कार्यालये यांतील कपाटे आणि टेबले आज मोठ्या प्रमाणावर मेलामाइन पृष्ठाच्या पार्टिकल बोर्डपासून बनविली जातात. बाजारात ही फळी 'प्री-लॅम' या नावाने परिचित आहे. तिची निवड करताना रंग व पृष्ठ पाहिले जाते. वस्तुतः फळी प्रथम खराब होते ती कडेने. या कडेवर बसविल्या जाणाऱ्या पट्टीची छाटणी व सफाई कशी व्हावी आणि मॅट पृष्ठाच्या बाबतीत ती अधिक नाजूक का ठरते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

फळीची रचना व कडेचे महत्त्व :

लाकडाच्या बारीक ढलप्या राळेत मिसळून, उष्णता व दाब देऊन पार्टिकल बोर्ड तयार होतो. त्यावर मेलामाइन राळेत भिजविलेला कागद तप्त दाबयंत्रात बसवितात. दाबयंत्राच्या पोलादी पत्र्याचा सूक्ष्म खरखरीतपणा पृष्ठावर उमटतो, त्यामुळे प्रकाश विखुरतो व पृष्ठ मॅट दिसते.

फळी कापताच आतील भाग उघडा पडतो. तो पाणी शोषून फुगतो आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. ज्या फळीत युरिया-फॉर्माल्डिहाइड राळ असते, तिच्या उघड्या कडेतून फॉर्माल्डिहाइड वायूही पृष्ठापेक्षा अधिक सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये या वायूची गणना मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांत केली. तात्पर्य, कडपट्टी ही शोभेची वस्तू नसून संरक्षक आवरण आहे. म्हणूनच भिंतीकडील न दिसणारी कडही झाकणे आवश्यक ठरते.

छाटणीची प्रक्रिया :

१८ मि.मी. जाडीच्या फळीस सामान्यतः २२ मि.मी. रुंदीची पी.व्ही.सी. पट्टी गरम गोंदाने चिकटवितात. दोन्ही बाजूंस उरणारा सुमारे २ मि.मी. भाग छाटावयाचा असतो. गोंद पूर्ण थंड होण्यापूर्वी छाटणी केल्यास पट्टी सरकते. प्रथम टोके कापावीत, नंतर लांबीच्या बाजू घ्याव्यात. जाड पट्टीसाठी बेअरिंग असलेले पाते लावून ट्रिमर चालवितात. बेअरिंगला गोंद चिकटलेला असल्यास पृष्ठावर ओरखडा उमटतो. पातळ पट्टीसाठी धारदार पटाशी किंवा बारीक कानस पुरेशी होते. कानशीचा घाव नेहमी पट्टीकडून फळीच्या दिशेने द्यावा. उलट ओढल्यास पट्टी उचलली जाते.

मॅट पृष्ठाची अडचण :

मेलामाइन राळ एकदा कडक झाली की उष्णतेने पुन्हा मऊ होत नाही, पी.व्ही.सी. मात्र मऊ होते. त्यामुळे पट्टीवर खरवडण्याने आलेला पांढुरका डाग गरम हवेच्या हलक्या झोताने नाहीसा होतो. झोत जास्त वेळ धरल्यास गोंद सुटतो, हेही ध्यानात ठेवावे. मेलामाइन पृष्ठास असा उपाय नाही. त्यावर पॉलिश पेपर घासल्यास खरखरीत टोके सपाट होतात व तेवढ्याच जागी चकाकी येते. चकचकीत पृष्ठावरील बारीक ओरखडा पॉलिशने काही अंशी झाकता येतो. मॅट पृष्ठावर पॉलिश हाच नवा डाग ठरतो. अधिक घासल्यास कागद फाटून आतील तपकिरी भाग दिसू लागतो. म्हणून कडेलगत चिकटपट्टी लावून पृष्ठ झाकावे, काम धारेने करावे आणि घासणे टाळावे. उरलेला गोंद प्लॅस्टिकच्या बोथट पात्याने काढावा. द्रावक वापरावयाचे असल्यास प्रथम तुकड्यावर चाचणी घ्यावी.

निष्कर्ष :

१. कडपट्टी फळीचे ओलाव्यापासून रक्षण करते व वायूचे उत्सर्जन कमी करते. तिची जोडणी सलग असणे आवश्यक आहे.

२. पट्टीवरील दोष बहुधा दुरुस्त होतो, मॅट पृष्ठावरील दोष सहसा होत नाही.

३. संस्थांनी फर्निचर स्वीकारताना केवळ पृष्ठ न पाहता, कडेवरून बोट फिरवून आणि मागील कडा पाहूनच पसंती द्यावी. सुताराच्या हातातील धारेचे मोल तेथेच कळते.